दोन शहरांच्या मधला धूर

पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत मागे पडते आणि दौंड तालुक्यातले भांडगाव लागते. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तेथून भरलेले टँकर या रस्त्याने जातात आणि त्यांच्याबरोबर मालाचे ट्रक, एसटी, खासगी बस आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. रस्ता सोडून थोडे आत गेले, की ऊस आणि उसाच्या आधाराने चालणारी गुऱ्हाळे. म्हणजे या टापूतल्या माणसाच्या छातीत तीन वाटांनी धूर जातो: महामार्गावरच्या वाहनांचा, शेतातल्या ट्रॅक्टर आणि जनरेटरचा, आणि काही ठिकाणी गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा. तिन्ही धूर निरनिराळे दिसत असले, तरी त्यांचे कूळ पुष्कळदा एकच असते आणि ते म्हणजे जमिनीखालून उपसलेले कच्चे तेल.

या तेलाविषयी गेल्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट घडली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ दर्जाचे इंधन मिळू लागले. त्यातल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत फक्त १० भाग एवढी आहे. शतकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये हेच प्रमाण दहा लाखांत २,५०० भागांपर्यंत असे. पेट्रोलमधले शिसे तर १ फेब्रुवारी २००० पासूनच बंद झाले. मग इंधन इतके शुद्ध होऊनही दम लागणे, खोकला, छाती भरून येणे या तक्रारी का संपत नाहीत? याचे उत्तर थोड्या रसायनशास्त्रात आणि थोड्या कारभारात आहे.

कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लहानमोठ्या साखळ्यांचे ते मिश्रण आहे. साखळी जितकी लांब, तितके ते उकळायला तापमान जास्त लागते. रिफायनरीतल्या उंच मनोऱ्यात तापवलेले तेल याच नियमाने वेगळे होते. तीन-चार कार्बनांच्या साखळ्यांचा स्वयंपाकाचा गॅस, पाच ते बारा कार्बनांचे पेट्रोल, त्यापुढे रॉकेल, साधारण बारा ते वीस कार्बनांचे डिझेल, त्याखाली कारखान्यांच्या भट्ट्यांत वापरले जाणारे जाड फर्नेस ऑइल आणि अगदी तळाला रस्त्यावर पसरायचे डांबर. तेलातले गंधक प्रामुख्याने जड भागात साचते. म्हणून फर्नेस ऑइलमध्ये ते तीन-चार टक्क्यांपर्यंत असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिल्लीलगतच्या राज्यांत फर्नेस ऑइल आणि पेटकोकच्या वापरावर बंदी घातली, ती याचमुळे.

हे इंधन जर पूर्णपणे जळाले, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरायला हवे. एक लिटर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी, पण त्याच्या ज्वलनातून सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण त्यात हवेतल्या ऑक्सिजनचे वजन मिळते. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. पण रस्त्याकडेच्या माणसाला आज, या श्वासाला त्रास देणारे पदार्थ वेगळे आहेत. ते तीन वाटांनी तयार होतात आणि या तीन वाटा नीट समजल्या, की पुढचा सगळा प्रश्न सोपा होतो.

पहिली वाट गंधकाची. इंधनात गंधक असेल, तर जळताना सल्फर डायऑक्साइड होतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका तो काही मिनिटांत आवळू शकतो. हवेत पुढे त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. याचा उपाय रिफायनरीत आहे: इंधनातून गंधक आधीच काढून टाकणे. भारत स्टेज-६ ने ते काम केले.

दुसरी वाट काजळीची. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधीपासून मिसळलेली असते. डिझेल इंजिनात मात्र दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो. प्रत्येक थेंबाच्या गाभ्याजवळ ऑक्सिजन अपुरा पडतो, तिथे साखळ्या तुटतात पण पुऱ्या जळत नाहीत आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. या कणांवर बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे चिकटलेली असतात. ही काजळी गंधकामुळे होत नाही. डिझेल कितीही शुद्ध असले, तरी ती होतेच. तिचा उपाय धुराच्या नळीत आहे: कण अडवणारी गाळणी.

तिसरी वाट नायट्रोजनची. हा तर इंधनातला नव्हेच, हवेतला. इंजिनातले तापमान १,५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले, की एरवी शांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांचा उपाय आहे युरियाच्या द्रावणाचा फवारा आणि उत्प्रेरक. नव्या ट्रकमध्ये डिझेलबरोबर जे ‘डीईएफ’ भरावे लागते, ते म्हणजे ३२.५ टक्के युरिया मिसळलेले शुद्ध पाणी.

आता खरी मेख पाहू. गंधक काढल्याने गंधकाचा धूर थांबला. काजळी आणि नायट्रोजन यांच्यावर त्याचा थेट परिणाम थोडाच होतो. मग इतका खर्च करून गंधक का काढले? कारण गंधक उत्प्रेरक आणि गाळण्या निकामी करते. शुद्ध डिझेलमुळे ही यंत्रणा बसवणे शक्य झाले. ज्या गाडीत ती बसवलीच नाही, त्या गाडीला शुद्ध डिझेलचा फायदा अर्धाच मिळतो. एप्रिल २०२० पूर्वी विकले गेलेले असंख्य ट्रक, टेम्पो आणि बस आज रस्त्यावर आहेत. शेतातली स्थिती त्याहून मागे आहे. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ ही नवी मानके लागू झाली, पण आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याहून लहान आहेत. पंपावरून तेच शुद्ध डिझेल त्यांच्या टाकीत जाते आणि नळीतून काळा धूर बाहेर येतो.

हा धूर शरीरात काय करतो? डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे दाह होतो. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. म्हणून धुराचा संबंध केवळ खोकल्याशी नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे ज्याच्या हृदयाला रक्तपुरवठा आधीच कमी आहे, त्याची छाती लवकर दुखू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत.

आणखी एक समज दूर व्हायला हवा. फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार मानला जातो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असा त्यांचा अंदाज होता. चुलीचा धूर, शेतातली आणि कामावरची धूळ, वाहनांचा धूर ही त्यामागची कारणे. आयुष्यात विडीला हात न लावलेली बाई जिना चढताना थांबते, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून सोडून देणे बरोबर नाही.

महामार्गाचा धूर सगळीकडे सारखा नसतो. रस्त्याच्या काठाला तो सर्वांत दाट असतो आणि काही शे मीटरच्या आत तो परिसराच्या पातळीपर्यंत उतरतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००३ मध्ये कायदा केला, की मोठ्या महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा सहसा बांधायची नाही. आपल्याकडे उलट घडते. महामार्ग रुंद झाला, की जमिनीचा भाव वाढतो आणि दुकान, दवाखाना, शाळा, मंगल कार्यालय सगळे त्याच्याच काठाला येते. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढते, त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात, आणि उंची कमी असल्याने त्याचे नाक धुराच्या नळीच्या जवळ असते.

लंडनमध्ये वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. तिची आई लढली. डिसेंबर २०२० मध्ये फेरचौकशीत प्रदूषित हवेचा संपर्क हे तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून अधिकृतपणे नोंदवले गेले. असे होऊ शकले, कारण तिच्या घराजवळच्या हवेची वर्षानुवर्षांची मोजमापे उपलब्ध होती. मोजमाप नसते, तर तो आणखी एक दम्याचा मृत्यू ठरला असता.

मोजमापाचा हा मुद्दा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांना थेट लागू होतो. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ इंधन, म्हणजे दहा लाखांत ५० भाग गंधक असलेले डिझेल, देशातल्या १३ शहरांत आले. त्या यादीत पुणेही होते आणि सोलापूरही. यादीबाहेरच्या भागांसाठी भारत स्टेज-३ ठरले आणि त्यात गंधकाची मर्यादा सातपट, ३५० भाग होती. ट्रक तेच, रस्ता तोच, पण शुद्ध इंधनाचा हक्क दोन टोकांच्या शहरांचा. हा भेद टप्प्याटप्प्याने कमी होत १ एप्रिल २०१७ ला देशभर मिटला. पण तोच साचा पुन्हा दिसतो. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या शहरांच्या यादीत पुन्हा पुणे आहे आणि सोलापूरही आहे. हवामापन केंद्रे, निधी आणि कृती आराखडा शहरांसाठी. मधल्या यवत, भांडगाव, चौफुला, वरवंड, पाटस या गावांसाठी असे काही नाही. धुराला मात्र महापालिकेची हद्द कळत नाही.

खेड्यात हवा चांगलीच असणार, हे गृहीतही आता तपासायला हवे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवेचे झाकण बसते, धूर वर जाऊ शकत नाही. नेमका तोच काळ ऊसतोडीचा आणि गाळपाचा. महामार्गावरून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि उसाला टाकलेल्या युरियातून उडणारा अमोनिया यांच्या संयोगातून अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण हवेतच तयार होतात. उन्हाळ्यात हीच ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा कडक उन्हात ओझोन घडवतात. तो फुप्फुसांनाही जाचतो आणि पिकांनाही.

आता तिसऱ्या धुराकडे येऊ. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांवर चिपाडाऐवजी जुने टायर, प्लॅस्टिक, चपला जाळल्या जातात, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत. त्यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. ओले चिपाड वाळवायला जागा आणि दिवस लागतात, पावसाळ्यात ते वाळतही नाही. टायरमधून मात्र वाळलेल्या चिपाडाच्या जवळपास दुप्पट उष्णता मिळते आणि तो स्वस्तात हाती येतो. काहिलीखाली जाळ एकसारखा लागतो. गुळाला भाव नसला, की खर्च वाचवायची पहिली जागा म्हणजे जळण.

पण टायर म्हणजे काय? त्यातले कृत्रिम रबर तेलापासून केलेले, त्याला काळा रंग आणि बळकटी देणारा कार्बनही जड तेल जाळून मिळवलेला. म्हणजे टायर हे घट्ट झालेले कच्चे तेलच. रबर टणक करण्यासाठी त्यात गंधक घालतात, वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का. आता हिशेब करा. एक किलो टायरमध्ये निदान दहा ग्रॅम गंधक. तेवढेच गंधक भारत स्टेज-६ च्या एक हजार किलो, म्हणजे सुमारे १,२०० लिटर डिझेलमध्ये मिळून असते. ट्रकचा टायर ५० किलोच्या आसपास भरतो. असा एक टायर चुलवाणात टाकला, तर त्यात २० हजार लिटरच्या तीन टँकरांमधल्या डिझेलइतके गंधक असते. त्यातले थोडे राखेत राहील, मोठा भाग हवेत जाईल. देशाने रिफायनऱ्या बदलण्यासाठी हजारो कोटी रुपये खर्चून डिझेलमधून जे काढले, ते आपण चुलवाणाच्या तोंडातून परत हवेत घालतो. शिवाय चुलवाणात गाळणी नाही, उत्प्रेरक नाही, हवेचा पुरवठा बेताचा. त्यामुळे काजळी, बेंझिन आणि कर्करोगकारक संयुगे भरपूर. प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असेल, तर डायॉक्सिनही. हा धूर सर्वांत आधी ओढतो तो जाळ घालणारा मजूर. त्याच्याबरोबर बहुधा त्याचे कुटुंबही गुऱ्हाळाच्या आवारातच राहत असते.

यावर करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काही फारसे खर्चिकही नाही. जुलै २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टायरच्या उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकली आहे. मग जुने टायर चुलवाणापर्यंत पोहोचतात कसे, ही साखळी प्रदूषण नियंत्रण मंडळाने शोधली पाहिजे. केवळ गुऱ्हाळमालकाला दंड करून भागणार नाही. त्याला चिपाड वाळवायला शेड, कमी जळणात जास्त आच देणारे सुधारित चुलवाण आणि त्यासाठी अर्थसाह्य मिळायला हवे. स्वच्छ जळणावर केलेल्या गुळाला वेगळा भाव मिळाला, तर हा बदल आपोआप टिकेल. तो भाव देणे शहरातल्या ग्राहकाच्या हातात आहे.

वाहनांच्या बाबतीत, डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत फक्त धुराचा दाटपणा मोजला जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. ही चाचणी बदलायला हवी. तोवर फवारणीचे नोझल आणि हवेची गाळणी वेळेवर साफ केली, तरी काळा धूर कमी होतो आणि डिझेलही वाचते. ढाब्यावर जेवण होईपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय सोडायला तर पैसेही लागत नाहीत. नव्या शाळेची आणि अंगणवाडीची जागा ठरवताना ग्रामपंचायतीने महामार्गापासूनचे अंतर पाहावे. जुन्या शाळेची कवायत आणि खेळ वर्दळीच्या वेळी रस्त्याकडेच्या मैदानात घेऊ नयेत.

दवाखान्यातही एक बदल हवा. दम लागलेल्या रुग्णाला ‘विडी ओढता का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. घर रस्त्यापासून किती लांब, कामाला कुठे जाता, घरात आणि कामावर काय जळते, हेही विचारून केसपेपरवर लिहावे. फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री तालुक्याच्या पातळीवर नियमित मिळावी, म्हणजे आजार औषधाने आटोक्यात राहण्याच्या टप्प्यावर कळेल. रुग्णांनीही इनहेलरची सवय लागते म्हणून तो टाळू नये. तो औषधाची अगदी लहान मात्रा थेट श्वासनलिकेत पोहोचवतो.

सर्वांत आधी मात्र हवा मोजायला हवी. देशाच्या मानकांनुसार पीएम २.५ कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. पुणे आणि सोलापूर यांची हवा या दोन आकड्यांच्या तुलनेत कुठे आहे, हे नागरिक पाहू शकतात, त्यावर सभागृहात प्रश्न विचारू शकतात. मधल्या गावातल्या माणसाकडे विचारायला आकडाच नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ते पाटस या टप्प्यात एक कायमचे हवामापन केंद्र उभारले आणि त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर ट्रकचा, ट्रॅक्टरचा आणि चुलवाणाचा वाटा वेगळा काढता येईल. मग कोणाला काय बदलायला सांगायचे, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. येत्या गाळप हंगामापूर्वी एवढी मागणी या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून मंडळाकडे पाठवायला हरकत नाही.